क्लिअर स्टॅम्पचा दर्जा हातात घेऊन कसा ओळखायचा?

कागदपान

दिवाळीच्या भेटकार्डांच्या कार्यशाळेसाठी क्लिअर स्टॅम्पचे (पारदर्शक ब्लॉकला चिकटवून छापायच्या पारदर्शक ठशांचे) ३० सेट एकदम घ्यायचे आहेत. सेट ४ × ६ इंची. त्यात रेषांच्या पणत्या, आकाशकंदील, एक मोठी भरीव पणती आणि ‘शुभ दीपावली’, ‘हार्दिक शुभेच्छा’, ‘समृद्धी लाभो’ अशा ओळी आहेत. तीन ठिकाणांहून नमुने मागवले. तिन्ही पाकिटांवर ‘क्लिअर ॲक्रिलिक स्टॅम्प’ एवढंच लिहिलेलं आहे.

नमुना अ: काचेइतका स्वच्छ, मऊ, वास नाही. ब्लॉकला घट्ट चिकटतो. शाई लावली की थेंब थेंब होऊन गोळा होते.

नमुना ब: किंचित पिवळट झाक, अ पेक्षा टणक, आत बारीक बुडबुडे दिसतात. शाई थोडी गोळा होते, पण अ इतकी नाही.

नमुना क: स्वच्छ, टणक, पण वरचा भाग बोटाला चिकट लागतो आणि वास येतो. ‘समृद्धी’मधला द्ध आणि ‘शुभेच्छा’मधला च्छ पूर्ण भरून छापले जातात.

दिसायला अ सगळ्यात चांगला आहे. भावात फार फरक नाही. मोठी खरेदी असल्याने घेण्याआधी नक्की काय काय तपासावं? पिवळटपणा आणि बुडबुडे म्हणजे माल जुना किंवा कमअस्सल समजायचा का? आणि अक्षरं भरतात ती शाईमुळे की स्टॅम्पमुळे?

ठसेघर

किती स्वच्छ दिसतो हा निकष आधी बाजूला ठेवा, बहुतेकांची फसगत तिथेच होते. आधी पदार्थ ओळखा, मग उठाव (चित्र तळापासून किती वर आलंय ते) बघा, छाप सगळ्यात शेवटी.

‘क्लिअर स्टॅम्प’ म्हणून ढोबळमानाने तीन गोष्टी विकल्या जातात: फोटोपॉलिमर (अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा), सिलिकॉन, आणि तेल किंवा प्लास्टिसायझर घालून मऊ केलेलं जेलसारखं प्लास्टिक. पाकिटावर ‘ॲक्रिलिक’ लिहिलंय यावरून आतल्या मालाचा काही पत्ता लागत नाही. कागदकामासाठी फोटोपॉलिमरच घ्या. शाई सारखी पसरते, बारीक रेघ टिकते आणि नीट ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. सिलिकॉनचा स्वभावच ओलावा झटकण्याचा आहे. मातीकामात ठसे उठवायला तो उत्तम, पण पाण्याच्या शाईशी त्याचं जमत नाही.

ओळखायच्या तीन सोप्या चाचण्या आहेत. तिन्ही स्टॅम्पच्या कडेला किंवा मागच्या बाजूला करा.

पर्मनंट मार्करने मागे एक रेघ ओढा आणि पूर्ण वाळू द्या. मग कोरड्या बोटाने घासा. सिलिकॉनवरची रेघ निघून येते. फोटोपॉलिमरवर डाग राहतो, म्हणून रेघ अगदी कोपऱ्यात ओढा.

साध्या सेलोटेपचा तुकडा दाबून लावा आणि ओढा. सिलिकॉनला सेलोटेप जेमतेम धरते, फोटोपॉलिमरवरून ओढताना ओढ जाणवते. स्टॅम्प आधी धुऊन कोरडा केलेला असावा, नाहीतर धुळीमुळे निकाल चुकतो.

तिसरी चाचणी रात्रभराची. स्टॅम्प टिश्यू पेपरवर ठेवून वर एक पुस्तक ठेवा. सकाळी कागदावर तेलकट डाग दिसला तर ते तेल सुटणारं जेल आहे. असा स्टॅम्प पुढे कार्डावरही तेलाची कड सोडतो आणि पिगमेंट शाई (दाट, कागदाच्या वर बसणारी) धरत नाही. तो लगेच बाद करा.

ब्लॉकला घट्ट चिकटणं हा दर्जाचा पुरावा नाही. सिलिकॉन आणि जेल दोन्ही छान चिकटतात. तुमच्या वर्णनावरून अ सिलिकॉन वाटतो, मार्करने खात्री करा.

आता ब आणि क. दोन्ही फोटोपॉलिमर असतील, तर फरक बनवण्यात आहे. त्यासाठी हा स्टॅम्प कसा तयार होतो ते माहीत हवं. काचेवर फिल्मची निगेटिव्ह ठेवतात, तिच्यावर पातळ पारदर्शक पडदा, त्यावर मधासारखं दाट रेझिन. चित्राची जागा निगेटिव्हमध्ये पारदर्शक असते, बाकी काळी. मागून थोडा वेळ अतिनील प्रकाश देतात तेव्हा स्टॅम्पचा तळ घट्ट होतो. निगेटिव्हच्या बाजूने दिलेल्या प्रकाशाने चित्र घट्ट होतं. न घट्ट झालेलं रेझिन साबणाच्या पाण्याने धुऊन काढतात आणि शेवटी पुन्हा एकदा प्रकाश देतात. हे शेवटचं काम बहुधा पाण्यात बुडवून करतात, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर नीट पक्का होत नाही आणि चिकट राहतो.

म्हणजे क चा चिकटपणा आणि वास हे शेवटचं पक्कं करणं कमी पडल्याचं लक्षण आहे. अक्षरं भरण्याचं कारणही याच प्रक्रियेत सापडतं. एक तर प्रकाश जास्त वेळ दिला, किंवा निगेटिव्हचा काळा भाग पुरेसा गडद नव्हता. दोन्हींमध्ये प्रकाश नको तिथे झिरपतो आणि अक्षराच्या पोटातला खड्डा उथळ होतो. उलट प्रकाश कमी पडला तर बारीक रेघा धुताना वाहून जातात किंवा वेड्यावाकड्या उभ्या राहतात.

उठाव बघायला स्टॅम्प डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा. चांगल्या स्टॅम्पची एकूण जाडी ३ मिमीच्या आसपास असते आणि त्यात चित्राची उंची मोकळ्या जागेत साधारण १ मिमी तरी दिसायला हवी. रेघेचा माथा सपाट आणि कड स्पष्ट असावी, खाली उतरताना ती थोडी रुंद होत जावी. हा उतार म्हणजे रेघेचा पाया. सरळ भिंतीसारखी उभी बारीक रेघ दाबाखाली आडवी होते आणि छाप दुहेरी येते. साच्यातून काढलेल्या हलक्या स्टॅम्पवर माथाच गोलसर असतो. त्यावर कितीही चांगली शाई लावा, रेघ जाड आणि मऊ कडेची येणार.

बुडबुड्यांचं असं आहे की ते तळात अडकलेले असतील तर छापेवर काही परिणाम नाही. रेघेच्या माथ्यावर फुटलेला बुडबुडा मात्र खड्डा असतो आणि प्रत्येक छापेत त्याच जागी पांढरा ठिपका येतो. भिंगाखाली माथे बघा, तळ सोडून द्या.

शाईची_दौत

पदार्थाबद्दल वर सगळं आलंच आहे. शाई गोळा होते एवढ्यावरून ब ला बाद करू नका. नव्या फोटोपॉलिमरचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो आणि बनवताना राहिलेला पातळ थरही असू शकतो. तयार न केलेल्या स्टॅम्पची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे.

आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून मऊ टूथब्रशने धुवा. कोरडा होऊ द्या, फडक्याने पुसू नका, धागे चिकटतात. मग पांढरा मऊ खोडरबर माथ्यावरून अगदी हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा, पुन्हा धुवा. पिगमेंट शाई थोपटून रफ कागदावर दोन-तीन छापे घ्या आणि पुसून टाका. आता खरी चाचणी. पॉलिश पेपर अजिबात वापरू नका. माथ्यावर ओरखडे पडतात आणि ते भरीव चित्रात कायमचे दिसत राहतात.

चाचणीच्या छापेसाठी २५० ते ३०० जीएसएमचा गुळगुळीत पण चकाकी नसलेला कार्डस्टॉक घ्या. हँडमेड कागदावर चाचणी करू नका, कागदाचा खडबडीतपणा स्टॅम्पच्या नावावर जातो. कागदाखाली २ मिमीची फोम शीट ठेवा. स्टॅम्प ब्लॉकवर उलटा धरून त्यावर पॅड हलक्या हाताने थोपटा. पॅडवर स्टॅम्प दाबला की शाई रेघांच्या बाजूंना आणि तळाला लागते. थोपटल्यावर प्रकाशात तिरका धरून बघा, ओली चमक सगळीकडे सारखी हवी. सरळ खाली ठेवा, बोटं पसरून दाबा, डोलवू नका, सरळ उचला.

असे तीन छापे घ्या आणि तिसऱ्यावर निर्णय करा. आधी काळ्या डाय शाईने (पातळ, कागदात मुरणाऱ्या), मग धुऊन काळ्या पिगमेंटने. दोन्ही शायांत दोष त्याच जागी आला तर तो स्टॅम्पचा. एकाच शाईत आला तर शाईचा किंवा हाताचा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातूनच मिळेल.

छापेत काय बघायचं? रेघेची कड गडद आणि मध्य फिकट असेल तर शाई बाजूला ढकलली गेली आहे. दाब कमी करून पुन्हा घ्या. तरी तसंच आलं तर स्टॅम्प जास्त मऊ आहे. चित्राभोवती सुटे डाग येत असतील तर उठाव उथळ आहे किंवा कापताना कड फार लांब ठेवली आहे. दुसरं कारण असेल तर कात्रीने कड छाटून ते सुटतं, मात्र छाटताना रेघेपासून २ मिमी तरी अंतर ठेवा. अगदी खेटून कापलं की बाहेरच्या रेघेचा आधार जातो.

शाईबद्दल एक. डिस्ट्रेससारख्या पाण्याला प्रतिसाद देणाऱ्या शाया नव्या फोटोपॉलिमरवर हमखास थोड्या गोळा होतात, त्यांच्यावरून पारख करू नका. बारीक अक्षरांना व्हर्साफाइनसारखी तेलाधारित पिगमेंट शाई सगळ्यात स्वच्छ उठते, फक्त वाळायला वेळ घेते. नंतर अल्कोहोल मार्करने रंग भरायचे असतील तर मेमेंटो ही डाय शाई घ्या, ती मार्करखाली पसरत नाही.

निळी_किनार

पिवळट झाकेबद्दल. काही रेझिनचा रंगच मुळात फिकट मधासारखा असतो, त्यामुळे नवा स्टॅम्पही पिवळट दिसू शकतो. शिवाय प्रकाशाने आणि वयाने फोटोपॉलिमर पिवळा पडतोच. लाल-जांभळ्या डाय शाईचे डागही राहतात, ते दुसऱ्या रंगात उतरत नाहीत. यातलं काहीही छापेला बाधत नाही.

वय बघायचं तर रंग बघू नका, लवचिकता बघा. कडेला धरून हळूच काटकोनात वाकवा आणि सोडा. लगेच पूर्ववत झाला तर ठीक. वाकवताना बारीक भेगा दिसल्या किंवा तो कडक वाटला तर उन्हात राहिलेला माल आहे. अतिनील प्रकाशाने तो आणखी घट्ट होत जातो आणि शेवटी तुटतो. दुकानाच्या दर्शनी काचेत टांगलेला सेट घेऊ नये तो याच कारणाने. आतला मागून घ्यावा.

बोरूवळण

दौत यांच्या खोडरबराला माझी एक हरकत आहे. तो चित्रांसाठी ठीक, देवनागरी ओळींवर नको. अनुस्वार, रफार आणि उकाराचं शेपूट हे भाग खोडरबरात अडकून उपटले जातात. ओळींच्या स्टॅम्पवर स्वच्छ बोटाचं टोक दहा-बारा वेळा टेकवा आणि पिगमेंट शाईचे दोन-तीन छापे जास्त घ्या, तेवढं पुरतं.

आता अक्षरांबद्दल सविस्तर, कारण तुमच्या सेटचा जीव तिथेच आहे.

इंग्रजी ओळीपेक्षा देवनागरी ओळ स्टॅम्पमध्ये अवघड असते. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा खालचा भाग, यांना जागा दिल्यावर अक्षराच्या अंगाला ओळीच्या उंचीतला जेमतेम निम्मा भाग मिळतो. म्हणजे ओळ वरपासून खालपर्यंत १० मिमी असली तरी ‘भ’चं अंग ५ मिमीच्या आसपास, आणि त्यातली गाठ १ मिमीसुद्धा नाही. ही गाठ मोकळी राहणं हीच देवनागरी स्टॅम्पची खरी कसोटी.

भिंग घेऊन या जागा बघा: भ, ध आणि थ च्या गाठी, श ची वरची गाठ, द्ध, च्छ, क्ष, श्र, ‘र्दि’तला रफार आणि वेलांटी जिथे जवळ येतात ती फट, आणि सुटा अनुस्वार. स्टॅम्पवरच खड्डा दिसत नसेल तर छापेत तो येणार कुठून? क च्या द्ध मध्ये खड्डा मुळातच भरलेला असेल, तर शाई कमी करून थोडी सुधारणा होईल, पण ३० जणांच्या हातात ती टिकणार नाही.

अनुस्वाराचा ठिपका वेगळा बघायचा कारण तो एकटा उभा असतो. बाजूला कुठल्या रेघेचा आधार नाही, त्यामुळे धुताना वाहून जाणारा किंवा दाबाखाली कलंडणारा पहिला भाग तोच. टाचणीच्या डोक्याने हळूच बाजूला ढकला. पाया रुंद असेल तर हलत नाही. डोलत असेल तर दहा-वीस धुण्यांत निघून जाईल. आणि अनुस्वार गेला की शब्दच बदलतो.

शिरोरेघेवरून जाडी सारखी आहे का ते कळतं. एवढी लांब, सरळ, आडवी रेघ इंग्रजी ओळीत नसते. छापेत शिरोरेघ मध्येच फिकट झाली तर स्टॅम्पची जाडी तिथे कमी आहे. चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी केलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा, न दाबता. ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हातातल्या ब्लॉकवर एक वेळ दाबून निभावेल, प्लॅटफॉर्मवर (झाकण दाबून छापायच्या साधनावर) मात्र नक्की दिसेल.

वळणाची निवडही बघा. खूप उतरत्या जाड-बारीक वळणात बारीक भाग ०.३ मिमीच्या खाली जातात आणि तिथे रेघ तुटते. कार्यशाळेत नवशिके असतील तर मध्यम, एकसारख्या जाडीचं वळण घ्या.

कागदपान

सगळ्यांचे आभार, चाचण्या करून बघितल्या.

अ वरची मार्करची रेघ बोटाने निघून आली, सेलोटेप धरत नाही. म्हणजे सिलिकॉन. बाद.

ब तयार करून घेतल्यावर शाई सारखी पसरली. बुडबुडे सगळे तळात आहेत. जाडी २.९ ते ३.० मिमी. ‘समृद्धी’ स्वच्छ उठतो, अनुस्वार हलत नाही.

क चा द्ध भिंगाखाली स्टॅम्पवरच भरलेला दिसतो.

ब मध्ये दोन अडचणी राहिल्या. मोठ्या भरीव पणतीच्या मध्यभागी शाई ठिपकेदार येते, डायमध्येही आणि पिगमेंटमध्येही. आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ ही लांब ओळ कधी सरळ, कधी कमानीसारखी वाकडी छापली जाते. हा दोष स्टॅम्पचा का?

ठसेघर

ओळीचा दोष स्टॅम्पचा नाही. दोष असता तर प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढाच वाकडेपणा आला असता. तुमच्याकडे तो बदलतो आहे, म्हणजे ब्लॉकवर लावताना ओळ ताणली जाते आहे. लांब, अरुंद पट्टी एका टोकाला धरून शीटवरून ओढली की ती लांबते, आणि तशीच ब्लॉकवर टेकली की ताण आत अडकतो. शीट वाकवून पट्टीची दोन्ही टोकं मोकळी करा, मध्यभागी धरून उचला, ब्लॉकवर आधी मध्य टेकवा आणि मग टोकं आपोआप खाली पडू द्या. ब्लॉकवरच्या आखलेल्या रेघेला शिरोरेघ लावा. ती पारदर्शक स्टॅम्पमधून दिसते, देवनागरीची ही मोठी सोय आहे. नवशिक्यांसाठी ही ओळ आधीच ब्लॉकवर लावून द्या आणि काढू देऊ नका.

भरीव पणतीचं कारण वेगळं आहे. मोठ्या भरीव भागात दोन गोष्टी होतात. घट्ट होताना रेझिन थोडं आकसतं, त्यामुळे मध्य केसभर खोलगट राहू शकतो. आणि एवढ्या क्षेत्रफळावर हाताचा दाब वाटला जातो, मध्याला कमी मिळतो. दोन्हींतलं कोणतं आहे ते असं कळेल: स्टील पट्टीची कड माथ्यावर आडवी ठेवा आणि मागून प्रकाश धरा. पट्टीखालून उजेडाची फट दिसली तर खोलगटपणा आहे.

फट नसेल तर दाबाचा प्रश्न. ब्लॉक पणतीपेक्षा मोठा आणि ८ ते १० मिमी जाड घ्या, पातळ ब्लॉक मध्ये वाकतो. कागदाखालची फोम शीट ठेवाच. फट केसभर असेल तर फोम ती भरून काढतो. डोळ्यांना स्पष्ट दिसण्याइतकी असेल तर तो तुकडा बदलून मागा, ही रास्त तक्रार आहे.

ठिपके बारीक आणि सगळीकडे सारखे असतील तर ते अजून पृष्ठभाग पुरता तयार न झाल्याचं लक्षण. भरीव भागाला रेघांपेक्षा जास्त छापे लागतात. झाकण उघडझाप करून छापायचं मिस्टीसारखं साधन असेल तर कागद न हलवता दोनदा छापा, दुसऱ्या वेळी शाई भरून येते. क्लिअर स्टॅम्पला त्यातली फोमची गादी ठेवायची असते. मागे फोम लावलेले जाड लाल रबराचे स्टॅम्प वापरताना ती काढतात.

शाईची_दौत

कार्यशाळेसाठी स्वच्छतेची सोय आधीच ठरवा, कारण चांगला सेट बहुतेक वेळा चुकीच्या पुसण्याने खराब होतो. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही टेबलावर ठेवू नका. अल्कोहोलने फोटोपॉलिमर कोरडा आणि कडक होतो, ॲसिटोनने फुगतो. दोन माणसांमागे ओला मायक्रोफायबर रुमाल पुरतो. बाळांचे वाइप्स चालतात, पण अल्कोहोल नसलेले. त्यातलं लोशन स्टॅम्पवर राहतं आणि पुढची शाई पुन्हा गोळा होते, म्हणून शेवटी साध्या पाण्याने धुवा.

स्टेझऑनसारखी सॉल्व्हंटची शाई या सेटला देऊ नका. काचेवर, प्लास्टिकवर छापायला तीच लागते, पण ते काम लाल रबराच्या स्टॅम्पचं. रबर ती सहन करतं.

चिकटपणा गेला म्हणून स्टॅम्प टाकूनही देऊ नका. धूळ आणि कागदाचे तंतू बसलेले असतात. मागची बाजू आणि ब्लॉक दोन्ही लिक्विडने धुतले की परत धरतो.

निळी_किनार

साठवणीचं थोडक्यात. वापरून झालं की ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या) परत लावायचे, चित्र वर. शीट पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात किंवा डब्यात. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाऊचमध्ये ठेवू नका. त्यातला प्लास्टिसायझर स्टॅम्पमध्ये उतरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटून स्टॅम्प चिघळतो. ३० सेट पीव्हीसीच्या पाऊचमध्येच आले तर आल्या दिवशी बाहेर काढा.

एकावर एक स्टॅम्प येऊ देऊ नका, मध्ये शीट हवी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. कोकणात पावसाळ्यात ओले असताना डबा बंद करू नका, खालच्या छापील कागदाला बुरशी धरते आणि तिचे डाग शीटला लागतात.

बोरूवळण

अजून एक पर्याय लक्षात ठेवा. ओळी तुमच्या मनासारख्या हव्या असतील तर रबरी शिक्के बनवणाऱ्याकडेही करून मिळतात. तालुक्याच्या गावातही जे पॉलिमर शिक्के बनतात त्यांची पद्धत ठसेघर यांनी सांगितली तीच. फक्त ऑफिसच्या शिक्क्याला मागे पॉलिस्टरचा पडदा असतो, तुम्हाला तो नको. ‘पाठीला फिल्म न लावता, पारदर्शक रेझिनमध्ये, ३ मिमी जाड’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो ब्लॉकला चिकटत नाही.

मजकूर टाइप करून पाठवू नका. युनिकोडमधली ओळ जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये उघडली की जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. अक्षरं आउटलाइनमध्ये (फॉन्टऐवजी नुसत्या आकृतीत) बदलून पीडीएफ द्या. निगेटिव्ह बटर पेपरवर लेझर प्रिंटने काढणार असतील तर नको म्हणा. काळा भाग उजेडासमोर धरल्यावर करडा दिसत असेल तर तुमच्या क नमुन्यासारखाच द्ध भरणार. गडद फिल्म मागा. आणि आउटलाइन करताना गाठीच्या आतली जागा मूळ फॉन्टपेक्षा थोडी मोठी करून घ्या.

ठसेघर

ब ची ऑर्डर देताना एक अट लिहून घ्या: माल नमुन्याच्याच रेझिनचा आणि त्याच निगेटिव्हचा असेल. खोके आल्यावर ३० पैकी पाच सेट वेगवेगळ्या ठिकाणून काढा, वरचेच पाच घेऊ नका. प्रत्येकी जाडी, द्ध ची गाठ, अनुस्वार आणि भरीव पणती एवढंच तपासा. पाचांतले दोन बिघडले तर सगळेच तपासावे लागतील. शाईचे छापे घेतल्यावर दुकानदार परत घेत नाही, म्हणून भिंग, केलिपर आणि स्टील पट्टीची तपासणी आधी उरका. पाकीट फोडण्याआधी दिसणारे दोष, म्हणजे वाकलेल्या ओळी, सुटलेले तुकडे, चिकटलेले माथे, यांचे फोटो काढून ठेवा.

कागदपान

पट्टीखाली फट नाही, म्हणजे दाबाचाच प्रश्न होता. १० मिमीच्या ब्लॉकवर, खाली फोम ठेवून पणती भरून आली. ओळही मध्यापासून लावल्यावर सरळ छापली जाते. ब ची ऑर्डर वरच्या अटीसह देते आहे. भरीव पणत्या घरूनच तयार करून नेईन, तेवढे छापे कार्यशाळेत कुणी घेत बसणार नाही.